कार्यक्रमानंतरची देवघेव

चि. ग्रंथपालबाईंस,

तुझं पत्र मिळालं. कार्यक्रम कसे घेतले म्हणजे लोक पुस्तकंही नेतील, असं विचारलंयस. तालुक्याचं 'ब' वर्गाचं वाचनालय, म्हणजे पगार तुटपुंजा, अनुदान वेळेवर येईलच असं नाही, आणि कमिटीला कार्यक्रम मात्र दणक्यात हवेत. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी बरीच वाचनालयं असाच संसार करतात, त्यामुळे हळहळण्यात शाई घालवत नाही.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल. कलामांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांचं भाषण, फोटो, अहवाल. ते करच, सुटका नाही. पण दुसऱ्या दिवशी देवघेवीची नोंद बघ. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी पुस्तक कुणी नेलं? माझ्या लेखी कार्यक्रमाचा हिशेब तिथे लागतो.

लहान मुलांसाठी शनिवारची दुपार धर. सकाळची शाळा सुटलेली असते. सतरंजी टाक, एकच गोष्ट मोठ्याने वाच आणि ऐन रंगात आली की थांब. त्याच पुस्तकाच्या तीन-चार प्रती आधीच टेबलावर काढून ठेवायच्या. पुढे काय झालं हे कळायला मुलं झडप घालतात. पुस्तकं फाटतील म्हणून कपाटाला कुलूप लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे. बालविभागाची किल्ली स्वतःकडे घे आणि कपाट उघडं ठेव. फाटली तर डिंक आहे, कागदाची पट्टी आहे.

खरी अवघड मुलं आठवी ते बारावीची. क्लास, मोबाइल, वर 'बालविभाग' अशी पाटी असलेल्या खोलीत शिरायची लाज. त्यांच्यासाठी व्याख्यान ठेवू नकोस, काम दे. नवी खरेदी निघाली की दोघातिघांना दुकानात घेऊन जा आणि ठरावीक रकमेची पुस्तकं त्यांना निवडू दे. भुताखेतांच्या कथा उचलतील, क्रिकेटपटूंची चरित्रं उचलतील; नाक मुरडू नकोस. कोषाध्यक्ष मुरडतीलच, तेवढं पुरे. निवडलेलं पुस्तक वाचून झालं की त्यात चार ओळींची चिठ्ठी ठेवायला सांग, खाली नाव. आपल्या वर्गातल्या मुलीने काय लिहिलंय हे बघायला बाकीचे येतात, आणि चिठ्ठीसाठी पुस्तक उघडावंच लागतं.

अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं पहाटे येतात, रात्री जातात, आणि दहा पावलांवरच्या ग्रंथसंग्रहाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या दाराशीच एक मांडणी ठेव: महाराष्ट्राचा इतिहास, चरित्रं, अर्थशास्त्रावरचं सोपं काही. पास झालेल्या अधिकाऱ्याला सगळेच बोलावतात. तू निवड न झालेल्या पण आता दुसऱ्या कामात नीट बसलेल्या माणसालाही बोलव. त्याला जास्त प्रश्न विचारले जातील.

मोठ्यांसाठी दिवाळी अंकांसारखं साधन नाही. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही चंगळ अजून टिकून आहे. अंक हातोहात फिरून झाले की जानेवारीत एक संध्याकाळ ठेव. प्रत्येकाने आवडलेला एकच लेख किंवा एकच कथा सांगायची, पाच मिनिटांत. घड्याळ तुझ्या हातात असू दे, कारण निवृत्त मास्तर प्रस्तावनेतच पाच मिनिटं घेतात.

राहिले जिना चढू न शकणारे वाचक. त्यांची यादी करायला सभा नको, शिपायाला तोंडपाठ असते. पंधरवड्याला पिशवीभर पुस्तकं त्यांच्या घरी पोचव. अभ्यासिकेतली पोरं जाता-येता नेऊन देतील. अंक आणि कादंबरी एकत्र पाठव. कादंबरीचा टाइप मोठा बघून निवड.

तुझा,
काका