प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामनची कबर चोरांच्या हाती कधी लागलीच नाही, हे खरं आहे का?

नाही, ती दफनानंतर थोड्याच काळात दोनदा फोडली गेली होती. पण दोन्ही वेळा रखवालदारांनी ती पुन्हा बंद करून मोहोरबंद केली. हे कळतं ही कबर शोधून काढणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या नोंदींवरून, आणि त्या ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. दारांवर भगदाडं बुजवून नव्याने केलेलं लिंपण दिसत होतं. पहिल्या चोरीनंतर वाट दगडमातीने ठासून भरली, तर दुसऱ्या टोळीने त्या भरावातूनच वरच्या कोपऱ्यात भुयार काढलं. सुगंधी मलमाची भांडी त्यांनी खरवडून रिकामी केली. आत बोटांच्या खुणा तशाच राहिल्या होत्या. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती एका पेटीत सापडलेली फडक्याची पुरचुंडी. तिच्यात सोन्याच्या अंगठ्या गाठ मारून बांधलेल्या होत्या, म्हणजे चोराचा माल जागीच राहिला. पुढे पुराच्या गाळाने आणि जवळपास दोनशे वर्षांनी वरच्या बाजूला सहाव्या रामसेसची कबर खोदणाऱ्या कामगारांच्या झोपड्यांनी दार पार झाकलं, ते थेट ४ नोव्हेंबर १९२२ ला पहिली पायरी लागेपर्यंत.

मात्र 'फोडली' म्हणजे लुटून फस्त केली असं नव्हे. शवपेटीभोवती एकात एक बसवलेल्या देव्हाऱ्यांपैकी दुसऱ्याची मोहोर शाबूत होती, आणि पाच हजारांहून जास्त वस्तू आतच मिळाल्या. खरोखर अस्पर्श राजदफन हवं असेल, तर इजिप्तमधल्याच तानिसच्या पहिल्या सुसेनेस राजाबद्दल वाचा: चांदीची शवपेटी, १९४० मध्ये उघडलेली.