आजोबांच्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर नागमोडी खाचा आहेत आणि नळी आखूड आहे. हा कोणता प्रकार?

फोटो नीट पाहिले. तुमच्या गावातला वेल्डिंगवाला म्हणतो तसा हा गावठी कट्टा नाही, आणि काकांना वाटतं तसं कुण्या इंग्रज साहेबाने मालगुजारांसाठी (इकडचे जमीनदार) खास घडवून आणलेलं हत्यारही नाही. हे वेब्ली या इंग्रज कंपनीचं वेब्ली-फॉसबेरी आहे. कारखान्यातच या खाचांसकट बनलेलं, पण मोजक्या संख्येत. एकूण पाच हजारांच्या आतच निघाली.

मी अमरावतीत परवानाधारक बंदुकीच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरवर होतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे रानडुकरं आणि रोह्यांपायी पीक-संरक्षणाचा परवाना काढलेले शेतकरी. त्यांची बारा बोअर नाहीतर भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. अधूनमधून एखाद्या वाड्यातून वेब्ली यायचं, पण ते साधं. साध्या वेब्लीच्या सिलिंडरवर सरळ, उभ्या खोलगट पन्हळी असतात. तुमच्या फोटोत मात्र करवतकाठी लुगड्याच्या काठासारखी वरखाली जाणारी खाच सिलिंडरभर फिरलेली स्पष्ट दिसते. लोकांना ती नक्षी वाटते, पण सगळं यंत्र त्या खाचेवरच चालतं.

साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला किंवा घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) चढवला की आतला पंजा सिलिंडर ढकलतो. फॉसबेरीत ते काम गोळीच्या धक्क्यावर सोपवलं आहे. गोळी सुटली की नळी, सिलिंडर आणि वरची पट्टी हा सगळा भाग मुठीच्या सांगाड्यावरून मागे सरकतो. सांगाड्यात एक खुंटी बसवलेली आहे, ती या खाचेत फिरते. मागे जाताना सिलिंडर अर्धं घर फिरतं, स्प्रिंगने पुढे येताना उरलेलं अर्धं, आणि या जाण्यायेण्यात घोडाही आपोआप चढतो. म्हणून याला स्वयंचलित रिव्हॉल्व्हर म्हणत. मुठीच्या डाव्या अंगाला जो खटका तुम्हाला ‘नंतर कुणीतरी बसवलेला’ वाटला, तो मूळचाच सेफ्टीचा आहे. घोडा चढलेलाच राहतो म्हटल्यावर रिव्हॉल्व्हरलाही सेफ्टी लागली. एरवी रिव्हॉल्व्हरला ती सहसा नसते.

जॉर्ज फॉसबेरी हा बंगाल सैन्यातला अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. निवृत्तीनंतर त्याने ही कल्पना काढली आणि १९०१ मध्ये वेब्ली अँड स्कॉटने ती बाजारात आणली. निशाणेबाजांना फार आवडली. सैन्याने मात्र अधिकृतपणे कधी घेतली नाही. खाचेत चिखल-माती गेली की अडायची, आणि हात ढिला धरला तर वरचा भाग पुरता मागे सरकायचाच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. सर्वसाधारण फॉसबेरीची नळी ६ इंची, नेमबाजीसाठीची साडेसात इंची. ४ इंचीही कारखान्यातून निघत, पण कमी. तुमची ४ च्या आसपास दिसते. ती मूळची की करवतीने कापलेली, यावरच तुमच्या नगाचं वेगळेपण ठरेल. कापलेल्या नळीचं तोंड सपाट आणि कडा धारदार राहतात. कारखान्यात ती गोलसर केलेली असते. पुढच्या माशीचं, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्याचं, बूड पाहा. वेब्लीत ते नळीच्याच पोलादातून उठवलेलं असतं, त्यात वरचं पातं स्क्रूने बसवतात. कापलेल्या नळीवर माशी नव्याने डाखलेली असते आणि डाखाची पिवळसर रेघ भिंगातून दिसतेच. तिसरी खूण म्हणजे नळीवरची अक्षरं. तुमच्या दुसऱ्या फोटोत ‘४५५ कॉर्डाइट’ (काडतुसाचं माप .४५५ इंच, कॉर्डाइट ही बिनधुराची दारू) हे शब्द पूर्ण आहेत, तोंडाकडे कुठे तुटलेले नाहीत, आणि माशीच्या बुडाशी डाखही दिसत नाही. माझा कौल मूळ आखूड नळीच्या बाजूने. याच ४५५ मुळे हे सहा घरांचं; .३८ चं फॉसबेरी आठ घरांचं असतं आणि ते याहून दुर्मीळ.

वरच्या पट्टीवरचं ‘आर्मी अँड नेव्ही’ वाचून हे फौजेचं चोरीचं हत्यार असेल, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. ती सोडा. ते दुकानाचं नाव आहे, त्याची शाखा मुंबईतही होती. इंग्रज अधिकारी रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने घेत, सरकारी काडतूस बसलं म्हणजे झालं. तिथून ते भंडाऱ्याच्या वाड्यात कसं पोचलं हे कागदच सांगतील. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण त्या घरांत दप्तरं राहिली आहेत. डेप्युटी कमिश्नरच्या सहीचा, १८७८ च्या कायद्याखालचा परवाना शोधा. त्यात नंबर आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, असतो.

रॉकेल-पॉलिशपेपर लावू नका, बाप्पा. खाचेच्या कडा झिजल्या तर उरलं काय? चाप ओढून पाहणं, जुनी काडतुसं हाताळणं, तेही नको.

आणि कायद्याचं. ‘गंजलंय, म्हणजे शोभेची वस्तू’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच, आणि ते तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. शिवाय .४५५ हा प्रतिबंधित बोअर, त्याचा परवाना कलेक्टर नाही, केंद्र सरकार देतं. त्यामुळे परदेशी लिलावातले भाव पाहून हिशेब मांडू नका. आजोबांचा परवाना असो वा नसो, वारसाला ते विनापरवाना घरात ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं. मोटारसायकलच्या डिक्कीत टाकून नागपूरला दाखवायला नेऊ नका. ते कुलपात राहू द्या, आधी वकील आणि कागद घेऊन ठाणेदारांना भेटा. वारसाहक्काचा अर्ज नंतर करता येतो.

जमा करताना पावतीवर ‘एक जुने रिव्हॉल्व्हर’ एवढंच लिहू देऊ नका. निवडणुकीत जमा होणाऱ्या बंदुकांच्या ढिगात अशा नोंदीचा पत्ता लागत नाही. वेब्ली-फॉसबेरी, .४५५, नळी इतके इंच, नंबर अमुक, सिलिंडरवर नागमोडी खाच, असं सगळं लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा.