संचालकाची बायको, एवढंच?

तुमची शंका अशी की नवराच कोपनहेगनच्या रॉयल थिएटरचा संचालक, मग एकोणिसाव्या शतकातली डॅनिश नटी योहाना लुईसे हायबर्गला मोठ्या भूमिका मिळणारच, त्यात विशेष काय. शंका रास्त आहे, पण सालं जुळत नाहीत. तिचा नवरा, नाटककार योहान लुडविग हायबर्ग संचालक झाला १८४९ मध्ये. तिने शेक्सपिअरची ज्युलिएट केली १८२८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे लग्नाच्याही तीन वर्षं आधी. गरीब जर्मन स्थलांतरितांची ही पोर थिएटरच्याच बॅले शाळेतून वर आली. हायबर्गच्या गाण्यांच्या हलक्याफुलक्या नाटकांनी तिला नाव दिलं, हे कबूल. पण त्या नाटकांनाही ती लाभली होती.

खरी गंमत दुसऱ्या ज्युलिएटची. १८४७ मध्ये, चौतिशीत, तिने तीच भूमिका पुन्हा केली. आता हिचं वय झालं, अशी कुजबुज व्हायचीच. त्यावर १८४८ मध्ये टोपणनावाने चार भागांचा लेख वर्तमानपत्रात आला. लिहिणारा होता डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोळा वर्षांच्या मुलीत तारुण्य नुसतं असतं, तिला ते दाखवावं लागत नाही. वय सरल्यावर नटीकडे उरते ती तारुण्याची कल्पना, आणि तीच ती अधिक शुद्धपणे उभी करू शकते. प्रेक्षकाला रूप दिसतं, कला दिसत नाही, हा त्याचा टोला आजच्या नायिकांच्या वयावर बोलणाऱ्यांनाही लागू पडतो.

नवरा १८६० मध्ये गेला, तिने १८६४ मध्ये रंगमंच सोडला. इथे बहुतेक लोक तिची गोष्ट संपवतात. माझ्या मते इथूनच ती खरी वाट पाडणारी ठरते. १८६७ ते १८७४ तिने त्याच थिएटरमध्ये नाटकं बसवली. डेन्मार्कमध्ये बाईने दिग्दर्शन करायची ती पहिलीच वेळ. तरुण नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं 'हेल्गेलँडचे वायकिंग' हे नाटक तिच्या नवऱ्याने नाटकं पारखणाऱ्याच्या खुर्चीतून नाकारलं होतं. त्याच इब्सेनचं 'तरुणांचा संघ' तिने १८७० मध्ये आणि 'सिंहासनाचे दावेदार' १८७१ मध्ये बसवलं. इब्सेनने त्याच साली तिला उद्देशून पत्ररूप कविता लिहिली.

तिच्या आठवणी मृत्यूनंतर, १८९१-९२ मध्ये छापल्या गेल्या. मिळाल्या तर जरूर वाचा. फक्त फ्रेडरिक ह्योटची प्रकरणं जपून वाचा. तो त्याच थिएटरातला नट, नव्या, वास्तववादी अभिनयाचा पुरस्कर्ता. त्याचं तिच्या नवऱ्याशी जोरदार वाजलं आणि १८५५ मध्ये तो थिएटर सोडून गेला. त्या भांडणात ती नवऱ्याच्या बाजूची होती, आणि लिहितानाही बाजू सोडलेली नाही.