वाचक विचारतात : बर्मी अक्षरं आमच्याकडे फुटतात का?

प्रश्न : इंदूरला राजवाड्याजवळ आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. विपश्यनेसाठी बर्माला जाऊन आलेल्या एका काकांनी पत्रकात टाकायला दोन ओळी बर्मी मजकूर दिलाय, जुन्या वर्ड फाईलमधे. त्यांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसतो, आमच्याकडे अक्षरं फुटतात, मधेच ठिपक्यांचं गोल येतं. शोधलं तर कळलं की बर्मीत अक्षराला जोडून येणाऱ्या य, र, व, ह च्या खुणांना युनिकोडमधे (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीत) वेगळे नंबर आहेत. आपल्या प्र मधल्या र ला तर नाहीयेत, मग त्यांना का? आणि फाईल दुरुस्त कशी करायची?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमची फाईल बहुतेक झॉजी नावाच्या जुन्या फॉन्टमधली आहे, पण आधी नंबरांचं बघू कारण सगळी गडबड तिथेच आहे.

आपल्याकडे प्र म्हणजे प, हलन्त, र, बस. १९९९ साली युनिकोड ३.० मधे बर्मी आली तेव्हा तिलाही हाच हिशोब लावला, पण बर्मीत जोडायचे प्रकार दोन आहेत. एक, अक्षराखाली अख्खं अक्षर रचायचं, जसं मंडाले लिहिताना न च्या खाली त येतो (टिळकांमुळे हे गाव आपल्या ओळखीचं). दुसरा, त्या चार खुणा, त्यातली र ची तर अक्षराला डावीकडून, वरून आणि खालून वेढा घालते. शिवाय अक्षर तोडायची खूण, जिला ते असत म्हणतात, ती वर उघडी दिसते. एकट्या हलन्ताने तिन्ही कामं करायची म्हणजे असत दाखवायला त्यापुढे आणखी एक न दिसणारं चिन्ह टाका, असला जुगाड होता. शेवटी एप्रिल २००८ मधे युनिकोड ५.१ ने असतला १०३ए हा नंबर दिला (या नंबरांत ९ च्या पुढे ए, बी, सी असं मोजतात), आणि य, र, व, ह च्या खुणांना ओळीने १०३बी, १०३सी, १०३डी, १०३ई. हलन्त १०३९ फक्त खाली रचण्यापुरता उरला. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो, लिपी जशी चालते तसंच कोडिंग हवं.

पण झॉजी त्याआधीच घरोघरी पोचला होता आणि त्यात हेच नंबर एकेक घर सरकलेले आहेत. तिथे १०३९ म्हणजे असत, १०३ए म्हणजे य ची खूण, १०३बी म्हणजे र ची, असं पुढे. शिवाय कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधे आपण ऱ्हस्व इकार आधी टाईप करतो ना, तशी र ची खूण झॉजीत अक्षराच्या आधी साठवतात, आणि अक्षर रुंद की अरुंद त्याप्रमाणे तिचे नंबरही वेगवेगळे.

आता म्यान्मार हा शब्द घ्या. बर्मीत तो म, र ची खूण, न, असत, म, आकार असा लिहितात. झॉजी फाईलमधे पहिला नंबर १०३बी, मग म, न, १०३९, म, आकार. युनिकोड फॉन्टला १०३बी म्हणजे य ची खूण, तिला धरायला आधी अक्षर नाही, म्हणून तुमचं ते ठिपक्यांचं गोल. पुढे न नंतरच्या १०३९ ला तो हलन्त समजतो आणि दुसरा म न च्या खाली ढकलतो. फॉन्ट बिघडलेला नाहीये, फाईलमधले नंबरच दुसऱ्या हिशोबाचे आहेत.

म्हणून हाताने एकेक अक्षर सुधारत बसू नका, क्रम पण बदललेला असतो. झॉजी टू युनिकोड कन्व्हर्टर फुकट मिळतात, त्यातून मजकूर काढा आणि पडौक किंवा नोटो सॅन्स म्यान्मार फॉन्ट लावा. मात्र मजकूर आधीच युनिकोडमधे असेल तर कन्व्हर्ट केल्यावर आणखी बिघडेल, त्यामुळे आधी नुसता फॉन्ट बदलून बघा. म्यान्मारमधे १ ऑक्टोबर २०१९ पासून सरकारी पातळीवर युनिकोड स्वीकारलाय, तेव्हा काकांना तिकडून नवा मजकूर मागवता आला तर सगळ्यात उत्तम.

पेजमेकरमधे हे करू नका, त्याला युनिकोड कळत नाही. लिबरऑफिसमधे सेट करा, फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढा, आणि प्लेट काढण्याआधी ती पीडीएफ काकांच्या ओळखीच्या कुणा बर्मी वाचणाऱ्याला पाठवा.