वाचकांचे प्रश्न : पिल्लाचा मेंदू कोणत्या थरातून घडतो?

प्रश्न : मी एका हॅचरीत काम करतो. सेटरमधले (अंडी उबवण्याच्या यंत्रातले) एखादे अंडे तिसऱ्या दिवशी फुटले, तर बलकावर लाल शिरांचे जाळे आणि मधोमध धडधडणारा ठिपका दिसतो; पहिल्या दिवशी मात्र पांढुरक्या चकतीपलीकडे काही दिसत नाही. बारावीत शिकणारी माझी मुलगी सांगते की, पिल्लाची कातडी आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात. हे खरे आहे का? असल्यास कोणत्या पेशीने कातडी व्हायचे आणि कोणत्या पेशीने मेंदू, हे कसे ठरते? आणखी एक : उन्हाळ्यात अंडी सेटरमध्ये जाण्याआधी एक-दोन दिवस खोलीतच राहिली, तर पिल्ले कमी निघतात. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. ज्या पहिल्या दिवशी आपल्याला काहीच दिसत नाही, त्याच दिवशी पिल्लाच्या शरीराची सर्वांत मोठी उलथापालथ होते. फलित अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे एक दिवस असते. तेवढ्या वेळात पेशींचे विभाजन चालू राहते, त्यामुळे अंडे बाहेर येते तेव्हा बलकावरच्या त्या चकतीत हजारो पेशी जमलेल्या असतात. पुढे या चकतीचे दोन पापुद्रे होतात. पिल्लाचे सगळे शरीर वरच्या पापुद्र्यातून घडते. खालचा पापुद्रा शरीराबाहेरच्या आवरणांच्या कामी येतो.

सेटरची ऊब मिळाल्यावर सहा-सात तासांत वरच्या पापुद्र्यातील पेशी चकतीच्या मागच्या कडेकडून मध्यभागी सरकू लागतात आणि तेथे एक जाडसर रेषा उमटते. तिला आदिरेखा म्हणतात. अठरा तासांच्या सुमारास ती पूर्ण लांबीची झालेली असते. या रेषेतून पेशी एकमेकींचा हात सोडून खाली उतरतात. आधी उतरलेल्या पेशी सर्वांत खाली पसरतात आणि अंतःस्तर बनतो. त्यातून आतडे, यकृत आणि फुप्फुसे यांची आतली अस्तरे घडतात. नंतर उतरलेल्या पेशी मधल्या जागेत थांबतात. तो मध्यस्तर होय, आणि त्यातून स्नायू, हाडे, मूत्रपिंडे, रक्त आणि आपण पाहिलेला तो धडधडणारा ठिपका, म्हणजे हृदय, तयार होते. ज्या पेशी वरच राहतात, त्यांचा बाह्यस्तर होतो. कातडी, पिसे, चोचीचे आवरण, डोळ्याचे भिंग, मेंदू आणि मेरुरज्जू ही सारी त्याची देणगी आहे. हे तीन थर प्रथम ओळखले ते ख्रिस्तियान पांडर यांनी, 1817 साली, आणि तेही कोंबडीच्याच अंड्यात.

आता आपला खरा प्रश्न. आदिरेखेच्या पुढच्या टोकाला पेशींची एक गाठ असते. ती मागे सरकत जाते आणि जाताना आपल्यामागे पृष्ठरज्जू नावाचा एक दोर टाकत जाते. या दोराच्या वर असलेला बाह्यस्तराचा पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्यावर येऊन जुळतात आणि बंद नळी तयार होते. केळीचे नवे पान सुरळीतून उलगडून पसरते. येथे नेमके उलटे घडते, पसरलेल्या पट्ट्याचीच सुरळी होते. ही चेतानलिका. तिचे पुढचे टोक फुगून मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मेरुरज्जू. हे सर्व डोक्याकडून शेपटीकडे होत जात असल्यामुळे, दुसऱ्या दिवशी डोक्याकडे नळी मिटत असताना शेपटीकडे अजून थर पडण्याचेच काम चालू असते.

त्या पट्ट्याला नळी होण्याची आज्ञा कोण देतो, याचा उलगडा हान्स स्पेमान आणि हिल्डा मॅन्गोल्ड यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून झाला. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी तो एक आहे. न्यूट हा शेपूट असलेला उभयचर प्राणी आहे. त्याच्या फिकट रंगाच्या जातीच्या भ्रूणातील, पेशी जेथून आत शिरतात त्या जागेचा तुकडा त्यांनी गडद रंगाच्या जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला, आणि तेथे दुसरी चेतानलिका, पाठोपाठ जवळजवळ दुसरे शरीरच उभे राहिले. रंगांवरून स्पष्ट दिसत होते की, नव्या नळीच्या बहुतेक पेशी यजमान भ्रूणाच्या होत्या. एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या अशा पेशींना शेजारच्या पेशींनी मेंदूकडे वळवले होते. हिल्डा मॅन्गोल्ड त्याच वर्षी अपघातात वारल्या. 1935 चे नोबेल पारितोषिक स्पेमान यांना एकट्यांना मिळाले.

तो संदेश कोणत्या रसायनाचा, याचे उत्तर मिळायला 1990 चे दशक उजाडावे लागले, आणि ते अनपेक्षित निघाले. बाह्यस्तरात बीएमपी नावाची प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे पेशी कातडीकडे वळतात. त्या गाठीतून व पृष्ठरज्जूतून नॉगिन, कॉर्डिन यांसारखी प्रथिने पाझरतात आणि बीएमपीला अडवतात. जेथे अडवणूक होते तेथे मेंदू, जेथे होत नाही तेथे कातडी. कोंबडीच्या भ्रूणात एवढ्याने भागत नाही. त्याआधी एफजीएफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनांचा संकेत मिळालेला असावा लागतो.

नळी मिटताना कडांवरच्या काही पेशी सुटून शरीरभर भटकतात. पिसांना रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच होतात. आपल्या भागातील कडकनाथ कोंबडीत एका जनुकाच्या जास्तीच्या प्रतीमुळे या रंगपेशींचे पूर्वज प्रमाणाबाहेर वाढतात आणि जेथे एरवी जात नाहीत तेथेही पोचतात. म्हणून तिचे मांस आणि हाडांवरचे आवरणही काळे असते.

राहिला उन्हाळ्याचा प्रश्न. संबंध थेट आहे. तापमान साधारण 20-21 अंश सेल्सिअसच्या खाली असले की भ्रूणाची वाढ थबकते. म्हणून अंडी 15 ते 18 अंशांवर साठवतात. खानदेशात मे महिन्यात बंद खोलीतही पारा याच्या कितीतरी वर असतो. अशा वेळी सेटरच्या 37.5 अंशांची योग्य ऊब नसतानाच वाढ सुरू होते आणि ती सर्वत्र सारख्या गतीने होत नाही. थर पडण्याच्या कामात पेशींनी वेळेवर ठरल्या जागी पोचणे आवश्यक असते. ते बिघडले की भ्रूण पहिल्या दोन-तीन दिवसांतच मरतो, आणि कँडलिंगमध्ये (अंडे उजेडासमोर धरून तपासताना) असे अंडे पुष्कळदा नुसते ‘रिकामे’, म्हणजे फलित न झालेले, म्हणून बाजूला काढले जाते. अशी काही अंडी फोडून पाहावीत. पांढरी चकती पसरलेली दिसली, तर कोंबड्याचा दोष नाही, साठवणुकीचा असण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : माझे नुकतेच लग्न झाले आहे. आशाताई म्हणतात, मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी घे. सासूबाईंचे म्हणणे असे की, दिवस राहिल्याचे कळल्यावर सुरू केली तरी चालते. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आशाताईंचे. वर ज्या नळीचे वर्णन केले आहे, ती माणसाच्या भ्रूणातही तशीच तयार होते आणि गर्भधारणेनंतर सुमारे 28 व्या दिवसापर्यंत पूर्ण मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत अनेकदा हे दिवस निघून गेलेले असतात. नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाचा कणा दुभंगलेला राहतो. डोक्याकडे उघडी राहिली तर मेंदू व कवटी नीट तयार होत नाहीत आणि बाळ जगत नाही. पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांवर सात देशांत झालेल्या आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्याने हा धोका 72 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. पालेभाज्या आणि डाळी जरूर खाव्यात, परंतु शिजवताना त्यांतील फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप, बऱ्याच प्रमाणात नष्ट होते, म्हणून त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये. आधीच्या बाळात असा दोष आढळला असेल किंवा फिट्सवरील औषधे चालू असतील, तर याहून बरीच मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांना विचारूनच, आणि गर्भधारणेच्या आधीच, सुरू करावी.