माणूस दोन भागांचा की तीन? ख्रिस्ती विचारातील आत्मा, जीव आणि शरीर

आपण विचारले आहे की ख्रिस्ती मताप्रमाणे माणूस शरीर आणि आत्मा असा दोन भागांचा आहे की शरीर, जीव आणि आत्मा असा तीन भागांचा, हा आत्मा वेदान्तातल्या आत्म्यासारखा मुळातच अमर आहे का, माणूस जन्मतःच पापी असेल तर त्याला घडवणाऱ्याचे काय, आणि जाता जाता, ख्रिस्ती लोक दहनाऐवजी दफनच का करतात. मंडळीतल्या बायबल अभ्यासवर्गात मी हे प्रश्न बरीच वर्षे ऐकत आलो आहे. सुरुवात मी ‘आत्मा’ या शब्दापासूनच करतो, कारण अर्धा घोटाळा तिथेच झालेला असतो.

नव्या करारातील लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला धनवान जमीनदार मोठी कोठारे बांधायचे ठरवतो आणि स्वतःला ‘हे जीवा’ अशी हाक मारून आता खा, पी, मजा कर असे सांगतो. त्यावर देव त्याला म्हणतो की आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात मात्र जे शरीराचा घात करतात पण आत्म्याचा घात करू शकत नाहीत त्यांना भिऊ नका, असे वाक्य येते. मराठीत एकीकडे जीव आणि दुसरीकडे आत्मा असला, तरी ग्रीक मजकुरात दोन्ही ठिकाणी ‘प्सुखे’ हा एकच शब्द आहे. उलट ‘पवित्र आत्मा’ म्हणताना जो आत्मा येतो त्यामागे ‘प्न्यूमा’ हा वेगळाच शब्द असून त्याचा मूळ अर्थ वारा किंवा श्वास असा आहे. भाषांतरकारांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण मराठी वाचकाच्या कानात ‘आत्मा’ म्हटले की गीतेचा दुसरा अध्याय आपोआप वाजू लागतो, आणि मग न जन्मणारा, न मरणारा, शरीर वस्त्रासारखे बदलणारा असा आत्मा तो बायबलमध्येही वाचू लागतो.

जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘नेफेश’ आहे, आणि तो आपल्या ‘जीव’ या शब्दाला आश्चर्य वाटावे इतका जवळचा आहे. जीव कासावीस होतो, जीव भांड्यात पडतो, कुणावर तरी जडतो, कुणीतरी तो घेतो. नेफेशही भुकेजतो, तान्हेजतो, आसुसतो. त्याचा एक जुना अर्थ तर घसा असा आहे, आणि 69 व्या स्तोत्रात बुडणारा माणूस पाणी नेफेशपर्यंत आले असे म्हणतो तेव्हा ‘गळ्याशी आले’ हे मराठी बोलणे त्याला नेमके बसते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवून त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस ‘जिवंत नेफेश’ होतो. क्रियापद लक्षात घ्यावे: त्याला नेफेश मिळत नाही, तो नेफेश होतो. आणि हेच दोन शब्द पहिल्या अध्यायात जलचर व वनचर प्राण्यांसाठीही आलेले आहेत. म्हणजे माणसाचे वेगळेपण त्या कथेत त्याच्या ठायी जीव असण्यात नसून तो देवाच्या प्रतिरूपाचा असण्यात आहे.

आता दोन की तीन. तीन भाग मानणारे प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातील ‘आत्मा, जीव व शरीर’ या शब्दांवर बोट ठेवतात. चौथ्या शतकात लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस याने अशाच विभागणीच्या आधारे ख्रिस्ताच्या ठायी मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्द, म्हणजे देवाचा पुत्रच, होता असे मांडले. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मसभेने त्याचे मत फेटाळले, आणि पुढे पाश्चात्त्य परंपरेत शरीर व आत्मा हीच मांडणी रूढ झाली. विसाव्या शतकात चिनी उपदेशक वॉचमन नी याच्या लिखाणामुळे त्रिविभागणी पुन्हा लोकप्रिय झाली. माझे मत असे की पौल तिथे माणसाचे भाग मोजत नाही. एखाद्याने तन-मन-धनाने सेवा केली असे म्हटल्यावर माणसाचा तिसरा घटक धन आहे असा निष्कर्ष कुणी काढत नाही. शिवाय मार्कच्या बाराव्या अध्यायात अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती अशी चार नावे आहेत. मोजायचेच ठरवले तर तिथे चार भाग भरतील.

आत्म्याच्या अमरत्वाविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे: मुख्य ख्रिस्ती परंपरेत आत्मा निर्मित आहे, अनादी नाही. ग्रीक धर्मपंडित ओरिजेनने तिसऱ्या शतकात आत्मे देहाआधीच अस्तित्वात होते असे सुचवले, परंतु सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी ते मत धिक्कारले गेले. आपल्याकडे नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे 1848 मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतलेले नेहेम्या गोरे, यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिताना जीव अनादी असल्याच्या दर्शनांच्या गृहीतावर जो हल्ला चढवला, त्याचे मूळ इथे आहे. निर्मित म्हणजे कशी, यावर मात्र एकमत नव्हते. आरंभीच्या शतकांतील लॅटिन धर्मपंडितांपैकी तर्तुल्यन आत्मा आईबापांकडून देहाबरोबर येतो असे मानी, जेरोम प्रत्येक आत्मा देव नव्याने घडवतो असे म्हणे, आणि ऑगस्टीनसारख्या माणसाचा यावर अखेरपर्यंत निर्णय झाला नाही. आजची कॅथलिक शिकवण जेरोमच्या बाजूची आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत आत्मा हे शरीराचे ‘रूप’ आहे असे मांडले. घरात राहणाऱ्या भाडेकरूसारखा तो शरीरात नसतो, तर त्याच्यामुळेच हे शरीर माणसाचे शरीर असते. मृत्यूनंतर आत्मा टिकतो हे तो मानतोच, पण करिंथकरांस पहिल्या पत्रावरील टीकेत तो स्पष्ट लिहितो की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. केवळ आत्मा वाचला तर मी वाचलो असे होत नाही, असा त्याचा रोख आहे. 1513 मध्ये पाचव्या लॅटरन धर्मसभेने वैयक्तिक आत्म्याचे अमरत्व अधिकृतपणे जाहीर केले. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर मृतांच्या अवस्थेला अनेकदा झोप म्हणतो, दुसरा सुधारक कॅल्विन याने त्या कल्पनेविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची मंडळी आजही अमरत्व हे स्वभावतः नसून देवाचे दान आहे असे मानतात. मतभेद असे खूप आहेत, तरीही प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीत, आपण उपासनेत जे म्हणतो ते ‘शरीराचे पुनरुत्थान’ आहे. आत्म्याच्या अमरत्वाचा शब्द त्यात नाही.

पापाच्या प्रश्नाकडे वळताना ‘देह’ या शब्दाविषयी सावध राहावे लागते. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ‘देहाची कर्मे’ ही यादी वाचून पाहावी. जारकर्म आणि दारूबाजी त्यात आहे, पण वैर, कलह, मत्सर, तट, हेवा यांची गर्दी अधिक आहे, आणि ही काही हाडामांसाची पापे नव्हेत. पौलाच्या ‘देहा’चा अर्थ देवाकडे पाठ फिरवलेला सगळा माणूस असा आहे.

त्याला घडवणाऱ्याचे काय, याचे ऑगस्टीनचे उत्तर असे की देवाने घडवलेला स्वभाव चांगलाच होता, आदामाच्या अवज्ञेने तो बिघडला. त्याचा समकालीन उपदेशक पेलागियस म्हणे की प्रत्येक जण आदामासारखाच कोऱ्या पाटीने जन्मतो. 418 च्या कार्थेज सभेने ते नाकारले. ऑगस्टीनसमोर रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे लॅटिन भाषांतर होते, ज्यात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघतो. ग्रीकमध्ये तोच भाग ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा वाचला जातो. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने आदामाकडून मर्त्यता आणि दुबळेपणा वारशाने येतो असे मानले, अपराध येतो असे नाही. कॅथलिक मतात स्वभाव जखमी आहे, नष्ट झालेला नाही. कॅल्विनपंथीयांच्या ‘संपूर्ण भ्रष्टते’ची फार बदनामी झाली आहे, तिचा अर्थ माणूस कमाल दुष्ट आहे असा नसून बुद्धी, इच्छा, भावना यांपैकी एकही कोपरा पापाच्या स्पर्शातून सुटलेला नाही, एवढाच आहे. मला स्वतःला पूर्वेकडील मांडणी अधिक पटते, आणि आमच्या पाळकांना ती पटत नाही.

दहनाविषयी थोडक्यात. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याची तात्त्विक अडचण सहसा मानली जात नाही. मातीतून घडवणाऱ्याला राख अवघड नाही. तरीही व्हॅटिकनने 2016 च्या सूचनेत रक्षा वाऱ्यावर, जमिनीवर किंवा पाण्यात विखरू नये, ती दफनभूमीसारख्या पवित्र स्थळी ठेवावी असे बजावले आहे. ती ज्याची रक्षा आहे, तोच पुन्हा उठणार आहे असे ते मानतात.