फ्रिजमधलं कच्चं चिकन किती दिवस टिकतं? वास आला नाही तर खायला हरकत आहे का?

दोन दिवस. तेही फ्रिज खरोखर ४ अंशांवर किंवा त्याखाली चालत असेल तर. एवढ्यावर थांबणार होतो, पण तुम्ही खाली लिहिलंय, "आमचं तिसऱ्या दिवशीच चिकट झालं, फ्रिज बिघडलाय का?" बावीस वर्षं नाशकात फ्रिज दुरुस्त करतोय. चिकन खराब झालं की आधी मेकॅनिकला फोन येतो, चिकन कुठून कसं आणलं ते कोणी सांगत नाही.

आमच्या साडूभाऊंचंच घ्या. सिडकोत राहतात, सिंगल डोअर फ्रिज. आखाडातल्या एका शुक्रवारी मी त्याचं दाराचं रबर बदललं, गॅस भरला, घरचं काम म्हणून मजुरी घेतली नाही. रविवारी त्यांनी चार किलो चिकन आणलं. सिन्नरचे पाहुणे येणार होते मंगळवारी, कारण सोमवार त्यांच्याकडे पाळतात. मग रविवारी कशाला आणायचं? तर दुकानदार ओळखीचा, भाव बरा लावला. मंगळवारी संध्याकाळी स्टीलचा डबा उघडला तर बोटाला तार सुटत होती आणि असा वास, की वहिनींनी पदर नाकाला लावला. सात माणसांसमोर साडू म्हणाले, "पाहुणे, परवा फ्रिज दुरुस्त केला का बिघडवला?" आमच्या हिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरलो नाही.

मी चौकशी केली. चिकन किती वाजता घेतलं? नऊला. फ्रिजमध्ये कधी गेलं? साडेअकराला. मधे काय? मधे साहेब मित्रांबरोबर गंगापूर रोडला मिसळ खायला गेले होते. चिकन काळ्या पिशवीत, स्कूटरच्या डिकीत.

आता बघा. आपल्याला ताजं म्हणजे डोळ्यासमोर कापलेलं लागतं. जिवंत कोंबडीचं अंग ४० अंशांच्या पुढे असतं, म्हणजे हातात पडतं ते गरम मांस. ज्या ओंडक्यावर सकाळपासून पन्नास कोंबड्या कापल्या, त्यावरचे जंतू प्रत्येक तुकड्याला लागलेले. आख्ख्या कोंबडीपेक्षा बारीक पीस लवकर खराब होतात ते यामुळेच, जंतूंना पसरायला जागा जास्त. हे असलं चार किलो एकाच डब्यात दाबून भरलं की वरचा थर गार होतो आणि मधलं चिकन कितीतरी तास कोमट राहतं. फ्रिज गार करतो, पण डब्याच्या पोटात पंखा घालत नाही.

चिकटपणा आणि वास आणणारे जंतू मुख्यतः स्युडोमोनास जातीचे. थंडीत इतर बरेच जंतू गारठतात, हे मात्र ४ अंशांतही हळूहळू वाढतात. आधी मांसावरची साखर खातात, तोवर काही कळत नाही. ती संपली की प्रथिनांच्या घटकांकडे वळतात आणि मग तो अमोनियासारखा, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तोपर्यंत एका चौरस सेंटीमीटरवर कोटभर जंतू झालेले असतात. सुरुवातच लाखाने झाली तर कोटाला कितीसा वेळ लागणार? साडू म्हणाले, हळद-मीठ लावलं होतं. अहो, भाजीपुरतं लावलेल्या हळद-मिठाने काही थांबत नाही. चार दिवस टिकवणारं मीठ घातलं तर ते चिकन खाववणार नाही.

तुमचा वासाचा प्रश्न राहिला. वास आला तर टाकाच. पण वास नाही म्हणजे चांगलं, असं नाही. आजारी पाडणारा साल्मोनेला वास देत नाही, तो डिकीतल्या उबेत वाढतो. चांगलं शिजवलं की तो मरतो, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. त्यामुळे "मसाला जास्त घालू, जोरात शिजवू" हे डोक्यातून काढा.

दोन दिवसांत करायचं नसेल तर आणल्या आणल्या पसरट छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. तिथे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून बाहेर काढल्यावर ओट्यावर दिवसभर ठेवू नका. खाली फ्रिजमध्ये ठेवायचं तर फ्रीझरखालच्या चिल ट्रेमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. दाराच्या कप्प्यात कधीच नाही. आणि फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवून सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. नॉबवरचा आकडा म्हणजे अंश नव्हे, बहुतेक सिंगल डोअरला आकडा मोठा तितकी थंडी जास्त.

हे लिहिलंय म्हणून सांगतो. त्या संध्याकाळी मीही सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर घातला होता. मोठ्याने सांगितलं "चार". होते सात. नॉब शुक्रवारी मीच २ वर ठेवून आलो होतो, पावसाळा आहे, लाइट बिल वाचेल म्हणून. जाता जाता गुपचूप ४ वर केला. पण डिकीतले अडीच तास त्यांचेच.